खोली क्रमांक सतरामधील दुसरी खाट

वरोरा,
८ जुलै २०२४

चि. रिनास सप्रेम जयभीम.

तू वसतिगृहात राहावेस हे तुझ्या बाबांना, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, अजूनही पटलेले नाही. "ताई, पोरगी एकटी कशी राहीन?" हा एकच प्रश्न प्रफुलने मला फोनवर सात वेळा विचारला. मी त्याला शब्द दिला आहे की तू एकटी राहणार नाहीस. खोलीत दुसरी मुलगी असेल आणि तिची खुशाली मला वेळोवेळी कळत राहील. हा शब्द मोडला, तर नागभीडहून रोज पहाटेची एसटी पकडून गडचिरोली गाठायची आणि अंधार पडल्यावर परतायचे, हे त्याने ठरवून ठेवले आहे. या बाबतीत मी तुझी बाजू घेणार नाही.

दुसरी अट माझी. महिन्यातून एक पत्र, हाताने लिहिलेले. मोबाईलवर तुम्ही लोक जे लिहिता त्याला मी लेखन मानत नाही.

तू विचारशील की चार खोल्यांच्या घरात आत्या स्वतः एकटी कशी राहते. तो अधिकार मी छत्तीस वर्षे महाविद्यालयात शिकवून मिळवला आहे. तू अठरा वर्षांची आहेस. तुझ्या वाट्याला अर्धीच खोली येते.

तुझी आत्या,
सत्यशीला


गडचिरोली,
१५ जुलै २०२४

आदरणीय आत्या, सविनय जयभीम.

मला पहिल्या मजल्यावरची सतरा क्रमांकाची खोली मिळाली आहे. दोन खाटा, दोन टेबले, एक खिडकी आणि खिडकीबाहेर सागाचे झाड. माझ्यासोबत रंजीता लेकामी नावाची मुलगी आहे. तिचे गाव हेमलकशाच्याही पुढे जंगलात आहे. ती फार कमी बोलते आणि तिच्या चादरीला एकही सुरकुती नसते. तुम्हाला ती आवडेल.

आत्या, एक सांगू? खोलीला आतून कडी आहे. नागभीडच्या घरी दोन खोल्यांत आम्ही सहा जण. तिथे अभ्यासाला बसले की कोणीतरी माझ्या वहीवरच भाजीची जुडी ठेवते. परवा रंजीता बाहेर गेली होती, तेव्हा मी कडी लावली आणि तासभर काहीच केले नाही. फार मजा आली.

आपली,
रिना


खोली क्र. १७,
१९ जुलै २०२४

प्रिय रिना,
जोहार.

काल सायंकाळी नागपूरहून निरोप आला. नर्सिंगच्या दुसऱ्या यादीत माझे नाव लागले आहे. आजच हजर व्हावे लागेल, म्हणून सकाळच्या गाडीने निघत आहे. तू झोपली होतीस, उठवले नाही. वसतिगृहाच्या अधीक्षक गेडाम मॅडम कार्यालयात नव्हत्या. मी वसतिगृह सोडले आहे, हे कृपया तू त्यांना सांग. माझा हिरवा टॉवेल दोरीवर ओला आहे, तो तुला ठेव. नागपूरचा पत्ता मागे लिहिला आहे.

तुझी मैत्रीण,
रंजीता लेकामी


गडचिरोली,
६ ऑगस्ट २०२४

आदरणीय आत्या, सविनय जयभीम.

आम्ही दोघीही खुशाल आहोत. रंजीताशी माझे उत्तम जुळले आहे. आमचे एकदाही भांडण झालेले नाही. ती माझ्या वस्तूंना हात लावत नाही, मोठ्याने वाचत नाही आणि घोरत तर मुळीच नाही. तिला स्वच्छतेची विलक्षण आवड आहे. सायंकाळी सात वाजता गेडाम मॅडम हजेरीची वही घेऊन मजल्यावर येतात, तेव्हा ती हमखास न्हाणीघरात असते. तिच्या वतीने मलाच सही करावी लागते.

बाबांना सांगावे, की मी एकटी नाही.

आपली,
रिना

ता. क. रंजीता दोन ओळी लिहिते म्हणाली, म्हणून कागद तिला देत आहे:

"बाई नमस्कार. मी रंजीता. रिना लय चांगली पोरगी आहे जी. माह्यासंग राह्यते. तिची काई काळजी करू नका."


वरोरा,
१७ ऑगस्ट २०२४

चि. रिनास सप्रेम जयभीम.

तुझ्या पत्रातील सर्वांत वाचनीय मजकूर ताज्या कलमात होता, आणि तो तुझा नव्हता. त्या मुलीने दोन ओळींत जे सांगितले, त्यासाठी तुला पाऊण पान लागले. तिला कळव, की मला तिचे स्वतंत्र पत्र हवे आहे. तिच्या घरची माणसे, तिचे शिक्षण, तुझ्या सवयींविषयी तिचे खरे मत, हे सारे तिने मोकळेपणाने लिहावे. ते पत्र तू वाचायचे नाहीस.

सायंकाळच्या स्नानाबद्दल तिचे अभिनंदन. तुझ्या स्नानाबद्दल तू काहीच लिहिलेले नाहीस, याची नोंद घेतली आहे.

सत्यशीला


गडचिरोली,
९ सप्टेंबर २०२४

बाईंना नमस्कार.

तुमचा निरोप भेटला. हे पत्र रिनानं वाचलं नाई, मीच लिवलं. तिच्यावानी हुशार पोरगी मी पाह्यली नाई जी. दिवसभर अभ्यास करून राह्यते. मले म्हणते, "रंजीता, तूबी वाच." मी म्हणतो, माह्यं डोकं दुखून राह्यलं. तिचा एकच दोष आहे, ती आत्याले लय भेते. तुम्ही तिले रागवू नका. आणि पत्र महिन्याले नाई, दोन महिन्याले चालन का, असं ती मले विचारून राह्यली होती. मी म्हटलं, बाईलेच विचारतो.

आमच्या गावाले जंगल लय आहे. मायबाप बरे आहेत.

तुमची,
रंजीता


वरोरा,
२ ऑक्टोबर २०२४

चि. रंजीतास सप्रेम जयभीम.

तुझे पत्र चार वेळा वाचले. तुझ्या मैत्रिणीला सांग, की पत्र महिन्याचे महिन्यालाच हवे. तुला मात्र सूट आहे. तू पंधरा दिवसांनी लिहिलेस तरी मी रागावणार नाही.

थंडी सुरू होण्याआधी तुझ्यासाठी स्वेटर विणायला घेतला आहे. छातीचे आणि बाहीचे माप कळव. रिनाला तीन वर्षांपूर्वी एक विणून दिला होता, तिने तो मांजरीच्या पिल्लांना अंथरला. तू तसे करणार नाहीस असा माझा विश्वास आहे.

तुझी,
सत्यशीला रामटेके


गडचिरोली,
१२ डिसेंबर २०२४

प्रिय रंजीता,

तू नागपुरात काय करून राह्यली ते मले माहीत नाही, पण इथं तुझं फार छान चाललं आहे. वाचून घाल मला शिव्या.

तू गेल्याचं मी मॅडमला सांगितलंच नाही. उद्या सांगू, परवा सांगू असं करत आठवडा गेला, आणि मग कडी लावून एकटीनं बसायची चटक लागली. बाबांना कळलं तर रोज चार तास एसटीत. तुझा हिरवा टॉवेल मी दर संध्याकाळी ओला करून दोरीवर टाकते. मॅडमनं काल विचारलं, "ही पोरगी दिवसातून किती वेळा आंघोळ करते?" आता फळ्यावर सूचना लागली आहे की पहिल्या मजल्यावर पाणी जपून वापरावे. ती तुझ्यामुळे.

मेसमधून तुझं ताट मी आणते. "तिच्या पोटात दुखते," म्हणते. तुझं बुधवारचं अंडं मीच खाते, माफ कर.

पण एक घोटाळा झाला. समोरच्या खोलीतल्या गुलाबला कळलं. ती म्हणाली, "सांगत नाई कोणाले, पण तुह्या त्या खाटीवर मी दुपारी झोपत जाईन." मग रुखमाला कळलं. तिला घरच्यांशी फोनवर भांडायला जागा पाहिजे होती. मग एकीला रडायला, एकीला नखांना रंग लावायला, दोघींना तुझ्या खाटेवर बसून तिसरीची चुगली करायला. आता ओळीनं येतात. काल मी वाचत होते तर सात जणी खोलीत! मी म्हटलं, "जा ना माय, मले अभ्यास करू द्या." तर रुखमा म्हणते कशी, "ओरडू नको. खाट तुही हाय का? रंजीताची हाय. रंजीता काई बोलली का?" सगळ्या खिदळल्या. बाहेर काढावं तर मॅडमला सांगतील. मला एकटीची खोली पाहिजे होती, मिळाली चावडी.

त्यात आत्यानं तुला स्वेटर पाठवला आहे, जांभळा. माझंच माप आहे हे आत्याला ओळखू येऊ नये म्हणून मी तुझं माप दोन इंच मोठं कळवलं होतं. आता तो मला घालता येत नाही आणि इतका सुंदर आहे की बघवत पण नाही. आत्या माझे दोष काढते, तुला मात्र गोंजारते. मला तुझा राग येतो, आणि तू तर नाहीसच.

मार्चमध्ये तुमच्या गावाकडून आत्याला काय पाठवता येईल ते लवकर कळव. तुझ्या नावानं पाठवते.

तुझी,
रिना


गडचिरोली,
८ मार्च २०२५

बाईंना नमस्कार.

मी गावाले जाऊन आली. येतानी झाडाच्या कैऱ्या आणल्या. दोन किलो तुम्हाले पाठवून राह्यली, लोणचं करा. कवळ्या आहेत, लय आंबट. मी आन माह्या मायनं झाडाखालीच मीठ लावून पाच-सहा खाल्ल्या, बसमधी आनखी दोन. स्वेटर बराबर झाला. मी तो रोज घालतो.

तुमची,
रंजीता


नागपूर,
१३ मार्च २०२५

प्रिय रिना,
जोहार.

परीक्षा आणि रुग्णालयातील पाळ्या यांमुळे उत्तरास तीन महिने उशीर झाला, क्षमस्व. मी गडचिरोलीत सुखी आहे, हे वाचून आनंद वाटला. इथे माझे इतके सुखात चाललेले नाही.

आत्यांना काहीही पाठव, पण कैऱ्या पाठवू नकोस. आमच्या गावात आंब्याचा पंडुम, म्हणजे नव्या फळाचा सण, होईपर्यंत कैरीला कोणी तोंड लावत नाही. गावाने आधी ती देवाला आणि पूर्वजांना द्यायची, मग आपण खायची. यंदाचा पंडुम अजून व्हायचा आहे. मोहफुले पाठवलीस तर चालतील.

आणि मॅडमना आता तरी सांग. ती खाट कोणाला तरी लागत असेल.

रंजीता


वरोरा,
१९ मार्च २०२५

चि. रिनास,

हे पत्र तुला आहे. रंजीताला दाखवण्याचे कारण नाही, कारण ती नाही.

महाविद्यालयात लागण्यापूर्वी चार वर्षे मी हेमलकशापलीकडच्या एका आश्रमशाळेत शिकवीत होते. हे तुला ठाऊक नव्हते, कारण तू कधी विचारले नाहीस. तिथे वारलू नावाचा सात वर्षांचा विद्यार्थी होता. एका मार्चमध्ये मी त्याच्या हातावर कैरीची फोड ठेवली. त्याने ती मला परत दिली आणि फार समजुतीने सांगितले, "बाई, पंडुम नाही झाला." सात वर्षांच्या मुलाला जे मोडवले नाही, ते तुझ्या रंजीताने आणि तिच्या आईने झाडाखाली बसून मीठ लावून मोडले. वर बसमध्ये दोन! तू त्या बिचाऱ्या काल्पनिक माउलीला गावातून उठवलेस.

इतरही पुरावे आहेत. ज्या मुलीच्या घरी माडिया बोलतात, ती मराठी पाठ्यपुस्तकातून शिकते आणि पुस्तकासारखीच नेटकी लिहिते. तुझी रंजीता मात्र हुबेहूब नागभीडच्या आपल्या शेजारणीसारखी बोलते. डाव्या हाताने लिहिलेले अक्षर तर मी छत्तीस वर्षे रजेच्या अर्जांवर, पालकांच्या सह्यांच्या जागी, पाहत आले आहे.

तुझ्या बाबांना मी काही सांगितलेले नाही. परंतु तुमच्या गेडाम मॅडम माझ्या विद्यार्थिनी आहेत. त्यांना मी तुझे नाव न घेता सहज विचारले, की यंदा वसतिगृहात जागा न मिळालेली कोणी आहे का. एक आहे. सरिता उसेंडी, तुझ्याच वर्गात, धानोऱ्याच्या पलीकडच्या गावाहून रोज येते. तिची शेवटची एसटी साडेचारला सुटते आणि तुमचे प्रात्यक्षिक पाचला संपते. वर्षभर तिने प्रत्येक प्रात्यक्षिक अर्ध्यावर सोडले आहे. प्रतीक्षायादीत तिचा क्रमांक पहिला आहे. गेले आठ महिने पहिला आहे.

तू एकटीची खोली बळकावलीस असे तुला वाटते. तू सरिताची खाट बळकावलीस.

आता काय करायचे ते मी सांगत नाही. तू हुशार आहेस, असे रंजीताने मला लेखी कळवले आहे.

सत्यशीला


गडचिरोली,
४ एप्रिल २०२५

आदरणीय आत्या, सविनय जयभीम.

तुमचे पत्र आणि खऱ्या रंजीताचे पत्र मला एकाच दिवशी मिळाले. तिनेही कैऱ्यांबद्दल तेच लिहिले होते; तिचे पत्र तुमच्या सहा दिवस आधी लिहिलेले, पण पोचले बरोबरच. माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसणारी, साडेचार वाजले की परीक्षानळी तशीच ठेवून पळणारी मुलगी सरिता हे मला माहीत होते. आम्ही तिला हसत असू. ती का पळते हे मी कधी विचारले नव्हते.

मी गेडाम मॅडमकडे गेले आणि सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "म्हणजे आठ महिने मी एका टॉवेलची हजेरी लावत होते?" शिक्षा म्हणून आता रोज सात वाजता मजल्याची हजेरी मी घेते, आणि कोणी न्हाणीघरात आहे असे सांगितले तर दारावर थाप मारून स्वतः खात्री करते.

बाबांना मीच फोन केला. मला वाटले, आता बोलावतीलच. ते म्हणाले, "आठ महिने एकटी झोपली? आन भ्याली नाई?" मी म्हटले, नाही. ते म्हणाले, "मग राह्य. आन घरी आली का माह्या वहीवर भाजी ठेवली म्हणून बोंबलू नको." आईकडून नंतर कळले, की ते शेजाऱ्यांना हे कौतुकाने सांगत आहेत.

सरिता सोमवारी आली. एक पेटी, एक वळकटी. मी तिला सगळे खरे सांगितले. ती रागावली नाही, तेच वाईट वाटले. तिने फक्त विचारले, "खाट कोणती?" मी दाखवली. तिने चादर अंथरली, बसली, आणि तेवढ्यात रुखमा फोन कानाला लावून नेहमीसारखी आत शिरली.

"कोणाले पाह्यजे?" सरिता म्हणाली.

"मी इथी रोज बसतो."

"आजपासून मी बसतो. फोन बाहेर."

"अवं, पण ही रंजीताची खाट..."

"रंजीताले माह्याकडे पाठव. मी बोलतो तिच्यासंग."

रुखमा मागल्या पावली गेली. दुपारी गुलाब उशी घेऊन आली, तीही गेली. संध्याकाळपर्यंत पाच जणी परत गेल्या. सरिता कोणावर ओरडली नाही, फक्त प्रत्येकीला "काय काम होतं?" असे विचारले. खोलीत काम असे कोणाचेच नव्हते. मला इतक्या महिन्यांत जे जमले नाही, ते तिने एका दिवसात केले, कारण तिच्याकडे लपवण्यासारखे काही नव्हते.

काल प्रात्यक्षिक पूर्ण झाल्यावर आम्ही दोघी चालत आलो. तिने वर्षात पहिल्यांदाच द्रावणाचा रंग बदललेला पाहिला. कडी लावून आम्ही तासभर वाचत बसलो. कोणी बोलले नाही. आत्या, मी एकटी असताना ही खोली इतकी रिकामी कधीच नव्हती.

जांभळा स्वेटर सरिताला अगदी बरोबर होतो. बहुतेक दोन इंच मी तिच्यासाठीच वाढवले होते.

आपली,
रिना


वरोरा,
१४ एप्रिल २०२५

चि. रिनास सप्रेम जयभीम, आणि आजच्या दिवसाच्या विशेष शुभेच्छा.

तुझे पत्र वाचले. प्रथमच लाल शाईचे पेन उघडावे लागले नाही, म्हणून ते कपाटात ठेवून दिले.

आता माझा एक दोष, जो मी इतर कोणापुढे कबूल करणार नाही. रंजीता नाही, हे मला मार्चमध्ये कळले असे तुला वाटते. ते मला सप्टेंबरमध्येच, तिच्या पहिल्या पूर्ण पत्रावरून कळले होते. तेव्हाच मी मॅडमना विचारले असते, तर सरिताने सहा महिने प्रात्यक्षिके अर्धवट सोडली नसती. मी विचारले नाही. पंधरा दिवसांनी टपाल येत होते आणि त्यात मला न भिणारे कोणीतरी लिहीत होते. या घरात तसे कोणी येत नाही. सरिताची क्षमा मी तिला स्वतंत्र पत्रात मागितली आहे. ते पत्र तू वाचायचे नाहीस.

कैऱ्यांचे लोणचे घातले आहे. बरणी अजून उघडलेली नाही. वारलू आता भामरागडकडे शिक्षक आहे. त्याला फोन करून विचारले, तर त्याच्या गावचा पंडुम येत्या आठवड्यात आहे. त्यानंतर उघडेन.

परीक्षा संपली की सरिताला घेऊन इकडे ये. माझ्या घरात दोन खोल्या रिकाम्या आहेत. त्यांपैकी एकच तुम्हा दोघींना मिळेल. भांडण झाल्यास निवाडा मी करीन आणि तो बहुधा सरिताच्या बाजूने असेल.

दुसरी खोली रंजीतासाठी राखून ठेवली आहे. तिला सांग, की महिन्यातून एकदा तरी पूर्वीसारखेच लिहीत जा, डाव्या हाताने चालेल. आणि इथे आल्यावर न्हाणीघर सात वाजता तिच्यासाठी मोकळे असेल. या घरात त्या वेळी हजेरी घेणारे कोणी नाही.

तुझी आत्या,
सत्यशीला